टच-स्क्रीनवर आयत्या वेळी वाजवलेल्या तालवादनाचा अभ्यास कसा करायचा

टॅबलेट घेऊन तिघं-चौघं बसलेत, समोर नोटेशन नाही, ठरलेला ताल नाही, सुचेल तसं वाजवतायत, आणि तुम्हाला त्याचा नीट अभ्यास करायचाय. प्रोजेक्ट असेल, पीएचडी असेल नाहीतर नुसती हौस असेल. बहुतेक लोक सुरुवात एकाच ठिकाणाहून करतात: स्क्रीनवरचा प्रत्येक टॅप रेकॉर्ड करता येतो ना, मग करू सगळे रेकॉर्ड, बघू काय निघतंय ते. निघतात हजारो ओळी. त्यात बोट कुठे होतं हे मिलिसेकंदापर्यंत दिसतं, पण वादन काही दिसत नाही.

माझं सरळ मत आहे की ठोके मोजत बसू नये, बदल पकडावेत. कोणी काहीतरी वेगळं सुरू केलं, बाकीचे त्याच्यामागे गेले का, किती वेळात गेले, की त्याला एकट्याला सोडून दिलं. ग्रुपमधलं इम्प्रोवायझेशन असतं ते इथे, आणि टॅपची संख्या ही त्याची फक्त कच्ची सामग्री. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने.

प्रश्न एकच घ्या

या विषयात वाद्याचा अभ्यास, वादकाचा अभ्यास आणि ग्रुपचा अभ्यास असे वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंततात. ॲप वाजवायला चांगलं आहे का, हा एक प्रश्न. अनुभवी पर्कशनिस्ट काचेवर हात कसा वळवतो, हा पूर्ण वेगळा. आणि चौघं मिळून एका कल्पनेवरून दुसऱ्या कल्पनेवर कसे जातात, हा अजून वेगळा. तिन्हींसाठी सेटअप जवळजवळ सारखाच लागतो म्हणून वाटतं की एकाच सेशनमध्ये तिन्ही उरकतील, पण वादक निवडण्यापासून ते शेवटच्या आकडेमोडीपर्यंत सगळं बदलतं, त्यामुळे एक मुख्य धरा आणि बाकीचे दोन मिळाले तर बोनस समजा.

आधी काय झालंय ते वाचायचं असेल तर नाइम ही कॉन्फरन्स बघा, संगीतासाठीच्या नव्या इंटरफेसेसवरची. २००१ मध्ये एका वर्कशॉपपासून सुरू झाली आणि तिचे जुने पेपर फुकट वाचता येतात. टेबलाएवढ्या स्पर्श-पृष्ठभागावर वाजवायचं रिअ‍ॅक्टेबल हे वाद्य बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा युनिव्हर्सिटीतून आलं, २००८ मध्ये आयफोनवर फुंकून वाजवायचं ओकारिना ॲप आलं, आणि २०१० मध्ये आयपॅड आल्यावर मोठ्या स्क्रीनवर दोन्ही हात वापरणं सोपं झालं. पण आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं काम म्हणजे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत चार्ल्स मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेलं. तो स्वतः पर्कशनिस्ट आणि कॉम्प्युटरवाला, त्याने एन्सेम्बल मेटाटोन नावाचा ग्रुप धरून आयपॅडवरच्या मोकळ्या वादनाचा अभ्यास केला. पुढे त्याचा उल्लेख येईलच.

वाद्य: लॅग आधी, बाकी नंतर

ॲप तयार घ्या किंवा स्वतः बनवा. स्वतः बनवणार असाल तर प्युअर डेटा या आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा भाग करून तो लिबपीडी या लायब्ररीने ॲपमध्ये बसवणं हा जुना, चाललेला रस्ता आहे. तयार ॲप घेताना एकच गोष्ट तपासा: टचचा डेटा बाहेर देतं का? नसेल देत तर कितीही सुंदर असलं तरी अभ्यासाच्या कामाचं नाही, घरी वाजवायला ठेवा.

लॅग म्हणजे बोट टेकल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. त्याबद्दल मी जरा कडक आहे, कारण तालवाद्यवाल्यांना तो लगेच बोचतो. स्वर लांबवणाऱ्या वाद्यात थोडा उशीर खपून जातो, ठोक्यात खपत नाही. डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी २००२ मध्ये जी मर्यादा सुचवली ती आजही वापरतात: हाताची हालचाल ते आवाज यात १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ नको, आणि त्यात चढउतार १ मिलिसेकंदाच्या वर नको. आता हिशोब करा. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा स्पर्श तपासत असेल तर तिथेच जवळजवळ १७ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतात, वर ऑडिओ बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पलचा आणि रेट सेकंदाला ४४,१०० सॅम्पलचा असेल तर अजून जवळजवळ ६. म्हणजे साध्या टॅबलेटवर ती मर्यादा पाळणं अवघडच, जास्त वेगाने स्पर्श वाचणारा स्क्रीन मिळाला तर घ्या, बफर फटफट आवाज न येता जितका लहान करता येईल तितका करा. आणि ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर, अजिबात नाही. त्याचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या वर जातो, मग वादक लॅगशी भांडत बसतो आणि तुम्ही त्यालाच त्याची शैली समजता. वायर लावा.

लॅग मोजायचा कसा? टॅबलेटच्या शेजारी मायक्रोफोन ठेवा, काचेवर नखाने टॅप करा, रेकॉर्डिंगमध्ये आधी नखाचा टक् येतो आणि मग वाद्याचा आवाज, दोघांमधलं अंतर वेव्हफॉर्मवर बघा. वीस-तीस वेळा करा, म्हणजे सरासरीबरोबर चढउतारही कळतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी रिपोर्टमध्ये हा आकडा नसतो, का कोण जाणे.

दुसरी अडचण जोराची. काचेला बोट कुठे टेकलं ते कळतं, किती जोरात टेकलं ते बहुतेक टॅबलेटना कळतच नाही. ढोलकीवर जो माणूस एका थापेत दहा प्रकारचे जोर काढतो त्याच्या हातातलं अर्धं कौशल्य इथे गायब. यावर उपाय लोकांनी काढलेत. २०११ मध्ये गराजबँड आयपॅडवर आलं तेव्हा त्यात टॅबलेटच्या थरथरीवरून, म्हणजे ॲक्सिलरोमीटरवरून जोराचा अंदाज घेतला होता. पण तुम्ही अभ्यासात असं काही वापरणार असाल तर सगळे टॅबलेट एकाच प्रकारच्या पृष्ठभागावर ठेवा, एकाचा कडक टेबलावर आणि दुसऱ्याचा मांडीवर असं झालं तर आकड्यांची तुलनाच होत नाही. मला स्वतःला साधा मार्ग जास्त पटतो: जोराचं नाटक करायचंच नाही, त्याऐवजी स्क्रीनवरची जागा आणि हालचालीचा वेग आवाजाला जोडायचा. टॅप केला की छोटा ठोका, बोट ओढलं की घासल्यासारखा लांब आवाज, आणि बोट जितकं वेगाने फिरेल तितका आवाज मोठा. वादकाला पाच मिनिटांत समजतं आणि लॉग वाचताना तुम्हालाही समजतं.

ॲपमध्ये फार फीचर्स टाकू नका. सोळा पॅड, चार मेनू आणि इफेक्टचं पान असलं की वादक मेनूत हरवतो, आणि मग तुम्ही इम्प्रोवायझेशनचा नाही, मेनू शोधण्याचा अभ्यास करता.

लॉगची एक ओळ

प्रत्येक स्पर्शाची ओळ अशी दिसायला हवी:

ब, १४:०३:२२.११८, स्पर्श ३, टेकलं, आडवं ०.४१, उभं ०.७७, वेग ०

वादक कोण, वेळ, कुठल्या बोटाचा स्पर्श, काय घडलं, कुठे, आणि किती वेगात. "काय घडलं" या जागी टेकलं, सरकलं आणि उचललं हे तिन्ही हवेतच, शिवाय चौथं, सिस्टिमने मध्येच रद्द केलं, तेही. हे चौथं लोक सोडून देतात आणि मग डेटात असे स्पर्श राहतात की जे टेकले पण कधी उचललेच नाहीत, आणि हिशोबात एक बोट सगळं सेशनभर काचेवर चिकटून बसलेलं दिसतं. जागा पिक्सेलमध्ये न ठेवता ० ते १ मध्ये ठेवा, वेगवेगळ्या आकाराचे टॅबलेट असले तरी चालतं.

डेटा पाठवायला ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) वापरतात, हा प्रोटोकॉल १९९७ मध्ये बर्कलेच्या सीएनमॅट या संगीत-तंत्रज्ञान केंद्रातून आला आणि संगीताच्या जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरला तो समजतो. बहुतेक वेळा तो यूडीपीवरून जातो, म्हणजे एखादं पॅकेट हरवलं तर कोणी तक्रार करत नाही, गुपचूप हरवतं. म्हणून नेटवर्कवर पाठवा पण प्रत्येक टॅबलेटवर लोकल फाइलही लिहीत राहा. वेळ पण दोन्हीकडची घ्या, टॅबलेटची आणि सर्व्हरवर पोचल्याची. टॅबलेटची घड्याळं आपापसात थोडी पुढेमागे असतात, आणि "अ ने सुरू केलं की ब ने" हा तुमचा मुख्य प्रश्न असेल तर ते थोडंसं फार महागात पडतं.

यावर सोपी युक्ती अशी की सेशन सुरू करताना सर्व्हरने सगळ्या टॅबलेटना एक सिग्नल पाठवायचा, प्रत्येकाने मोठा टिक् वाजवायचा आणि त्याच क्षणी लॉगमध्ये ओळ लिहायची. ते टिक् ऑडिओत येतात, व्हिडिओत येतात, लॉगमध्ये आहेतच. ऑडिओत प्रत्येक टॅबलेटचा टिक् नेमका कधी आला ते बघून त्या-त्या लॉगची वेळ सरळ करता येते. शेवटी परत एकदा टिक्, म्हणजे मधल्या वेळात घड्याळ सरकलं का तेही कळतं.

सेशनची खोली

स्वतःचा राउटर न्या, बाकी कोणी जोडलेलं नको. नोटिफिकेशन बंद, ऑटो-लॉक बंद. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, आयपॅडवर चार-पाच बोटं एकदम सरकवली किंवा आत ओढली की ॲप बदलतं किंवा बंद होतं, सिस्टिमचे जेश्चर आहेत ते, आणि तालवादक तर पाचही बोटं वापरणारच. गाइडेड ॲक्सेस लावा, म्हणजे टॅबलेट एकाच ॲपमध्ये अडकून राहतो, अँड्रॉइडवर स्क्रीन पिनिंग, आणि सेशनच्या आधी स्वतः दोन्ही पंजांनी धुडगूस घालून बघा की ॲप टिकतं का.

कॅमेरे निदान दोन. एक वरून, सगळ्यांचे हात दिसतील असा, दुसरा समोरून चेहऱ्यांसाठी. चेहरे कशाला? कारण काचेवर वाजवणारी माणसं खाली बघतात. खऱ्या ड्रमवर हात आपोआप जागेवर जातो, काचेवर काठ लागत नाही, खोलगट लागत नाही, त्यामुळे डोळे स्क्रीनला बांधले जातात. मग जेव्हा कोणी मान वर करतं, दुसऱ्याकडे बघतं, तो क्षण फार कामाचा असतो, बहुतेक वेळा त्याच्या आसपास काहीतरी बदलतं. पण ठोक्यांची वेळ व्हिडिओवरून काढू नका, ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते, ते काम ऑडिओचं. ऑडिओ मात्र प्रत्येक टॅबलेटचा वेगळ्या ट्रॅकवर घ्या, आणि शिवाय खोलीचा एक मायक्रोफोन. एकत्र ट्रॅकवर कोणता आवाज कोणाचा हे नंतर ओळखणं म्हणजे कपाळमोक्ष.

वादकांना अर्धवर्तुळात बसवा, एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्याच दिशेने यायला हवा, म्हणजे प्रत्येकाशेजारी त्याचा छोटा स्पीकर. सगळ्यांचा आवाज समोरच्या दोन स्पीकरमधून आला की "हे मी वाजवलं का तू" असा गोंधळ होतो. कधीकधी त्यातून मजेशीर संगीत होतं, ते मान्य, पण मग तोच तुमचा प्रश्न असायला हवा.

वादक आणि त्यांना काय सांगायचं

एकच ग्रुप घेऊन महिनोन्‌महिने त्याच्या मागे लागणं आणि वेगवेगळे बरेच ग्रुप एकेकदा बोलावणं, हे दोन अभ्यास वेगळे आहेत. पहिल्यात दिसतं की काचेसाठी नवीन भाषा कशी तयार होते. सुरुवातीला पर्कशनिस्ट ड्रमसारखा ठोकतो, मग त्याला कळतं की इथे उसळी नाही, आणि हळूहळू ओढणं, बारीक गोल फिरवणं, दोन बोटं जेमतेम हलवत ठेवणं असलं काहीतरी सुरू होतं जे चामड्यावर त्याने कधी केलंच नसतं. दुसऱ्या प्रकारात तुलना करता येते, उदाहरणार्थ ॲपच्या दोन आवृत्त्यांची. पहिल्यांदाच करणार असाल तर माझा सल्ला, आधी एका ग्रुपबरोबर थोडा काळ काढा. काय मोजायचं हेच त्यातून कळतं.

सूचना कमीत कमी द्या आणि प्रत्येक ग्रुपला शब्दशः तीच द्या, कागदावर लिहून वाचून दाखवा. "मिळून वाजवा, संपलं असं वाटलं की थांबा" एवढं पुरतं. वेळ ठरवून दिली की सगळे घड्याळाकडे बघतात, आणि वादन किती वेळ चाललं हेच मुळात एक चांगलं माप आहे ते हातचं जातं. सराव मात्र द्या, प्रत्येकाने एकट्याने दहा मिनिटं तरी ॲपशी खेळावं आणि मग सगळ्यांनी एकत्र एक कच्चा राउंड, जो मोजायचा नाही.

दोन-तीन आवृत्त्यांची तुलना असेल तर क्रम प्रत्येक ग्रुपसाठी बदला. पहिल्या राउंडला सगळे बिचकतात आणि शेवटच्याला थकतात, क्रम एकच ठेवला तर थकवा आणि ॲपची आवृत्ती यात फरकच करता येणार नाही.

मार्टिनच्या टीमच्या २०१६ च्या अभ्यासातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. स्क्रीनवरचे सूर बदलायचे दोन मार्ग त्यांनी ठेवले: वादकाने बटण दाबलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर नवे सूर येतात, किंवा वादनावर लक्ष ठेवणारा सॉफ्टवेअर एजंट स्वतः ठरवून बदलतो. वादकांच्या पसंतीवर परिणाम दिसला तो बटणाचा, पण वादनाच्या लांबीवर परिणाम दिसला एजंटचा. म्हणजे नुसते फॉर्म भरून घेतले असते तर एजंटचा परिणाम सापडलाच नसता, आणि नुसते लॉग बघितले असते तर आवड कळली नसती.

लॉगमधून बदल कसे काढायचे

आता मुख्य काम. स्पर्शांच्या ओळींवरून थेट काही कळत नाही म्हणून आधी त्यांना नावं द्यायची. मार्टिनच्या पद्धतीत दर सेकंदाला मागच्या पाच सेकंदांचा डेटा घेऊन प्रत्येक वादक काय करतोय याला एक लेबल मिळतं, एकूण नऊ प्रकार: काहीच नाही, सावकाश टॅप, भराभर टॅप, स्वाइपचे दोन प्रकार, छोटे गोल, मोठे गोल, अगदी हळू गोल, आणि गोल व टॅप मिसळून. लेबल लावतं रँडम फॉरेस्ट नावाचं मशीन लर्निंगचं मॉडेल, पायथनच्या सायकिट-लर्न या लायब्ररीत ते तयार मिळतं.

मॉडेलला शिकवायला प्रत्येक जेश्चर काही जणांकडून मिनिटभर वाजवून घ्या आणि पाच सेकंदांच्या प्रत्येक तुकड्यातून थोडेच आकडे काढा: किती वेळा बोट टेकलं, किती सरकलं, सरासरी वेग, सरासरी जागा, आणि जागा किती पसरलेली. मॉडेल तपासताना मात्र एक खबरदारी घ्याच. तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, शेजारच्या दोन तुकड्यांत चार सेकंद तेच असतात, त्यामुळे ओळी आडव्यातिडव्या पिसून अर्ध्या शिकवायला आणि अर्ध्या तपासायला घेतल्या तर अचूकता भन्नाट येते आणि ती खोटी असते. एक अख्खा माणूस बाजूला ठेवा, बाकीच्यांवर शिकवा, त्याच्यावर तपासा. आकडा खाली येईल, येऊ दे.

नऊच प्रकार पाहिजेत असं काही नाही. तुमच्या ॲपमध्ये स्वाइपला आवाजच नसेल तर ते वेगळे कशाला ठेवायचे? आणि तुमच्या वादकांनी काही नवीन शोधलं असेल, समजा पूर्ण तळवा टेकवून सगळं गप्प करणं, तर त्याला स्वतःचं लेबल द्या.

लेबलं मिळाली की प्रत्येक सेकंदाला प्रत्येक वादक कुठून कुठे गेला ते मोजायचं. यासाठी एक तक्ता करा, आडवे-उभे तेच प्रकार, आणि "सावकाश टॅप वरून सावकाश टॅप" असेल तर तिरप्या रेषेवर खूण, "सावकाश टॅप वरून छोटे गोल" असेल तर रेषेबाहेर खूण. रेषेबाहेरच्या खुणा भागिले एकूण खुणा, याला ते लोक फ्लक्स म्हणतात. ० म्हणजे सगळे जे करत होते तेच करतायत, १ म्हणजे प्रत्येक जण दर सेकंदाला काहीतरी बदलतोय.

एक उदाहरण घेऊ. चार वादक, अ, ब, क आणि ड, १५ सेकंदांचा तुकडा, म्हणजे एकेकाच्या १४ खुणा, एकूण ५६. समजा पहिल्या तुकड्यात तिघं हळू गोल फिरवतायत आणि चौथा अधूनमधून टॅप करतोय, बदल फक्त ७, फ्लक्स ०.१२५. पुढच्या तुकड्यात ब अचानक थांबतो, दोन सेकंद काहीच नाही, मग भराभर टॅप. क लगेच त्याच्यामागे, ड आधी गोल आणि टॅप मिसळतो मग पूर्ण टॅपवर येतो, अ मात्र गोलच फिरवत राहतो. हे होताना ब, क, ड यांची लेबलं सारखी पुढेमागे होतात, एकूण बदल २१, फ्लक्स ०.३७५. ही उडी म्हणजे नवीन कल्पना आली असावी याची खूण. मग व्हिडिओत त्या जागी जा आणि बघा.

"असावी" म्हटलंय ते मुद्दाम. फ्लक्स वाढतो तो गोंधळ झाला तरी वाढतो, कोणाचं ॲप हँग झालं तरी वाढतो. आणि उलट, चौघंही छोटे गोलच फिरवतायत पण आवाज हळूहळू इतका वाढवत नेलाय की अंगावर काटा येतो, तिथे फ्लक्स शून्याच्या आसपास असतो. लेबलांना ते ऐकू येत नाही. त्यामुळे फ्लक्सला कुठे बघायचं हे सांगणारा खबऱ्या समजा, निकाल त्याच्याकडून घेऊ नका. १५ सेकंद हा आकडाही देवाने दिलेला नाही, १० आणि २० घेऊन बघा, तेच क्षण परत वर येतायत का. येत नसतील तर तुमचे "क्षण" तुमच्या सेटिंगमधून आलेत.

मग वादकांना विचारा

हे त्याच दिवशी करा. वादन झाल्यावर थोडी विश्रांती, आणि मग त्यांनाच त्यांचा व्हिडिओ दाखवा. रिमोट त्यांच्या हातात द्या, जिथे काही सांगावंसं वाटेल तिथे थांबवायचं आणि बोलायचं. तुम्ही गप्प. त्यांचं संपल्यावर मगच तुमच्या फ्लक्सच्या जागा दाखवा आणि विचारा, "इथे काय चाललं होतं?" उलटा क्रम लावला तर ते तुमच्याच आलेखाला पटेल असं बोलायला लागतात, माणसाचा स्वभाव आहे.

"इथे तू बदल का केलास" असं विचारू नका, मागाहून सुचलेलं कारण मिळतं. "इथे तुला काय ऐकू येत होतं" विचारा. वरच्या उदाहरणातल्या ब ची दोन सेकंदांची शांतता घ्या. लॉग म्हणेल काहीच नाही. ब म्हणू शकतो मी वाट बघत होतो, किंवा बोटं घामाने सरकत होती म्हणून पुसली, किंवा कंटाळलो होतो. तिन्ही वेगळे अभ्यास आहेत. आणि अ का थांबला नाही हेही विचारा. जो बदलला नाही त्याला कोणी विचारत नाही, पण गोल फिरवत राहून त्यानेच बाकीच्यांना उड्या मारायला जमीन दिली असेल.

बोलणं लिहून काढा, व्हिडिओवर खुणा करायला एलान हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मॅक्स प्लांकच्या भाषा-मानसशास्त्र संस्थेचं, त्यात एकाखाली एक पट्ट्या लावता येतात: व्हिडिओ, लेबलं, कोणी कोणाकडे बघितलं, आणि वादकाचं म्हणणं. ऑडिओसाठी सॉनिक व्हिज्युअलायझर. काही तुकड्यांवर दुसऱ्या माणसाकडूनही स्वतंत्रपणे खुणा करून घ्या, विशेषतः "इथे नवीन कल्पना सुरू झाली" ही खूण. दोघांच्या खुणा जुळत नसतील तर व्याख्या ढिसाळ आहे, आधी ती घट्ट करा.

फॉर्म घ्यायचे तर लहान घ्या, प्रत्येक राउंडनंतर लगेच, पाच-सहा प्रश्न. शेवटी एकदम घेतले तर सगळे राउंड डोक्यात एक झालेले असतात.

आकडेमोडीतला एक सापळा

चार जणांचे सहा ग्रुप म्हणजे चोवीस माणसं, पण वादनाच्या लांबीसाठी तुमच्याकडे चोवीस नमुने नाहीत, सहाच आहेत. एका ग्रुपमधले चौघं एकमेकांवर अवलंबून आहेत, तेच तर आपण बघतोय. फ्लक्सचंही तेच. हे विसरून टेस्ट लावली की छान छान निकाल येतात आणि परीक्षक पहिल्याच पानावर पकडतो. नमुने कमी असतील तर प्रत्येक ग्रुपची रेष आलेखात वेगळी काढा, सगळ्या ग्रुपमध्ये दिशा एकच आहे का ते डोळ्यांनीच दिसतं.

फाइली

परवानगीचा कागद सेशनच्या आधी, आणि त्यात लॉग, ऑडिओ, व्हिडिओ, चेहरा दाखवणं यासाठी वेगवेगळ्या चौकटी. काही जणांना आवाज दिला तर चालतो पण चेहरा नको असतो. वादकांना विचारा की रेकॉर्डिंगवर त्यांचं नाव हवं की नको, कारण हे त्यांचं संगीत आहे, नुसता डेटा नाही, आणि कलाकाराला कधीकधी नाव हवंच असतं.

प्रत्येक सेशनच्या फोल्डरमध्ये ॲपची आवृत्ती, टॅबलेटचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, बफरचा आकडा आणि मोजलेला लॅग असं सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. लॉग सीएसव्हीमध्ये ठेवा, ॲपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये नको. टॅबलेटची सिस्टिम अपडेट होते आणि जुनं ॲप एक दिवस उघडतच नाही, म्हणून ॲपचा सोर्स कोड, आवाजाचे पॅच (प्युअर डेटाच्या फाइली) आणि प्रत्येक पॅड, प्रत्येक जेश्चर वाजवून दाखवणारा एक कंटाळवाणा व्हिडिओ पण त्याच फोल्डरमध्ये टाका, म्हणजे पुढे कोणी तुमचा लॉग उघडला तर आडवं ०.४१, उभं ०.७७ या जागेवर नेमकं काय वाजत होतं ते त्याला ऐकता येईल.